फुलं राखायला गेलो त्याची गोष्ट

शेजारच्या व्हिन्झेंतच्या कानावर एक शब्द घालायचा, एवढंच मी ठरवलं होतं. तेवढ्याशा गोष्टीतून माझी गावभर शोभा होईल, माझी पाठ महिनाभर माझ्याशी बोलणार नाही आणि चाळीस वर्षांच्या संसाराबद्दलचा माझा एक गोड गैरसमज कायमचा निकालात निघेल, असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी घरीच पडून राहिलो असतो. (पडून राहणं मला चांगलं जमतं. त्याबद्दल गावात दुमत नाही.)

त्याचं असं झालं. त्या हिवाळ्यात फिलोमेना, म्हणजे माझी बायको, चर्चच्या पायऱ्यांवर बर्फात घसरली आणि तिच्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. सगळा वसंत गेला तो या खोलीतून त्या खोलीत, काठी टेकत. फिलोमेना ही डोंगरावरच्या शेतकऱ्याची लेक. तिला खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे वासराला चर्चच्या बाकावर बसवण्यासारखं. आधी ती चिडायची. चिडलेली फिलोमेना मला तोंडपाठ आहे. पण पुढे पुढे ती गप्प बसायला लागली, खिडकीतून डोंगराकडे बघत राहायची, समोरची कॉफी गार होऊन जायची, आणि मला मात्र खरोखर भीती वाटायला लागली.

जुलै संपत आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता चाला थोडं. पण सोपी वाट हं, डोंगर चढायला जाऊ नका."

दवाखान्याबाहेर पडल्या पडल्या ती म्हणाली, "कॅसियान, येत्या गुरुवारी मला झोनलाइटनला ने."

"नेतो," मी म्हणालो. "नेतोच." महिन्याभरात पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं होतं. गुरुवारच का, बुधवार का नाही, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

झोनलाइटन म्हणजे आमच्या गावाच्या डोक्यावरचं कुरण. रोपवेनं वर जायचं, तिथून एक वाट निघते, कुरणाला वळसा घालून पुन्हा रोपवेपाशी येते. वाट इतकी सोपी की सुरुवातीच्या पाटीवर बाबागाडीचं चित्र रंगवलंय. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात, गवत कापायच्या आधी, आम्ही दोघं तिथे जायचो. तेव्हा कुरणात मांडीपर्यंत फुलं असतात. पिवळी आर्निका, निळ्या घंटा, आणि गवतात दडून बसलेलं ते बुटकं काळपट लाल फूल, ज्याला चॉकलेटचा वास येतो. मी नावं सांगत पुढे, फिलोमेना मागे. कुरणाच्या मध्यावर एक बाक आहे. तिथे आलो की ती एकदम शांत व्हायची आणि डोळे बारीक करून लांबवर बघत राहायची. मी हळूच तिचा हात हातात घ्यायचो. मी आयुष्यात फार काही कमावलं नाही, पण वर्षातली ती एवढीशी वेळ माझी होती, आणि तिच्या जोरावर मी पुढचा हिवाळा काढायचो.

तर सोमवारी सकाळी मी ब्रेडला लोणी लावत होतो आणि शेजारच्या अंगणातून टण्‌टण्‌ आवाज आला. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. आमच्याकडे हा आवाज लहान पोरालाही कळतो. व्हिन्झेंत गवत कापायचं पातं ऐरणीवर ठोकून पातळ करत होता. झोनलाइटन त्याचंच. म्हणजे गुरुवारपर्यंत कुरणात एक फूल उभं राहणार नव्हतं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरळ जाऊन सांगितलं असतं, बाबा रे, माझ्या बायकोला फुलं बघायचीत, चार दिवस थांब. पण व्हिन्झेंतला असलं काही सांगायचं म्हणजे संध्याकाळी खानावळीत प्रत्येक टेबलावर त्याची उजळणी. "कॅसियानला फुलं बघायचीत रे!" नको. मी वेगळी युक्ती काढली.

"व्हिन्झेंत," मी कुंपणावरून म्हणालो, "गुरुवारी पाऊस आहे. चांगला झोडपणारा. कापू नकोस."

हातोडी थांबली. "कोण म्हणतो?"

"मी म्हणतो."

"तू? तू पाऊस म्हणतोस?"

"पैज लावतो."

त्यानं हातोडी खाली ठेवली, उठून कुंपणापाशी आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "उपकार झाले बाबा. माझं मन मागे-पुढे होत होतं. आता काळजी नाही."

मी घरी आलो तो शीळ घालत. (फिलोमेनानं विचारलंसुद्धा, "पोट बरं आहे ना?")

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्या आनंदात साफ विसरलो होतो. मी तीस वर्षं रोपवेच्या तिकीटखिडकीत बसलो. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "वर हवा कशी?" आणि मी म्हणायचो, "सुंदर!" बाहेर गारा पडत असल्या तरी म्हणायचो, "हा ढग जाईल आता." नाहीतर तिकीट कोण घेणार? त्यामुळे गावात रीतच पडून गेली होती. कॅसियान ऊन म्हणाला की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे.

आणि ह्याच कॅसियाननं स्वतःहून पाऊस सांगितला होता! व्हिन्झेंतनं मंगळवारी पहाटे कुरण कापायला घेतलं.

मला काय कल्पना? गुरुवारी लख्ख ऊन होतं. आम्ही रोपवेनं वर गेलो. फिलोमेनानं जुने चढाईचे बूट घातले होते, डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. मला वाटलं, वाऱ्यासाठी. बाबागाडीच्या पाटीपाशी तिनं मोठा श्वास घेतला आणि चालायला लागली ती अशी, की मीच मागे पडायला लागलो.

"हळू गं! डॉक्टर काय म्हणाले?"

"सोपी वाट म्हणाले. हळू म्हणाले नाहीत."

वाटेच्या कडेला थोडी फुलं होती. मी नावं सांगत होतो, ती हं हं म्हणत होती. तिच्या गालांवर रंग आला होता. मला ती पहिल्यांदा दिसली होती तशी दिसायला लागली. मी तेव्हा रोपवेवर नवाच लागलो होतो आणि सुट्टीच्या दिवशी वर भटकायला आलो होतो. उतारावर (तेव्हा झोनलाइटन तिच्या बाबांचं होतं) एक मुलगी दाताळ्यानं गवत ओढत होती आणि मी गवतात पाय घातला म्हणून मला शिव्या देत होती. तेवढ्या शुद्ध आणि खणखणीत शिव्या मी तोवर ऐकल्या नव्हत्या. मी तिथेच विरघळलो.

"ते वळण घेतलं की बाक," मी म्हणालो. "डोळे मीट. मी सांगितल्यावर उघड."

तिनं मुकाट्यानं डोळे मिटले. मी तिला धरून वळणावर आणलं, समोर पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळं कुरण चकाचक भादरलेलं होतं. वरपासून खालपर्यंत फक्त वाळलेलं गवत, आणि त्यात व्हिन्झेंत आणि त्याची बायको जेनोवेवा दाताळी ओढत होती.

"उघडू?" फिलोमेना म्हणाली.

"थांब जरा."

"अरे कॅसियान!" वरून व्हिन्झेंत ओरडला. "बघ कसं खडखडीत वाळलंय! तू पाऊस म्हणालास, म्हटलं चला, आता ऊन पक्कं!"

फिलोमेनानं डोळे उघडले. "तू त्याला पाऊस सांगितलास? कशाला?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथे, त्या उतारावर, जेनोवेवासमोर मला सांगावं लागलं, की फुलं राखायची होती, तुझ्यासाठी. पाच महिने ती खुर्चीत बसून एका दिवसाची वाट बघत होती, आणि तो दिवस मीच कापून टाकला होता. मी अगदी रडायच्या बेताला आलो.

फिलोमेना काहीतरी म्हणणार, तेवढ्यात पलीकडच्या शिखरामागे गडगडलं.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. शिखराच्या खांद्यावरून काळाकुट्ट ढग डोकावत होता. व्हिन्झेंतनं ढगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अतिशय दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "कॅसियान, आता तुझ्यावरही विश्वास ठेवायचा नाही का माणसानं?"

आमच्याकडे एक रीत आहे. गवत खाली पडलेलं असताना ढग आला, तर वाटेवरच्या माणसानं दाताळं उचलायचं. मग तो पाद्री असो नाहीतर जन्माचा वैरी. मी रीत पाळायला वाकलो, पण मला दाताळं मिळालंच नाही. ते फिलोमेनानं आधीच उचललं होतं. तिची काठी बाकाला टेकून उभी होती.

"फिलोमेना! खुबा!"

"खुबा नवा आहे. तुझी कंबर जुनी आहे. तू भारे वाहा."

त्यानंतर तिनं सगळ्यांचा ताबा घेतला. "व्हिन्झेंत, वरून ओढत ये! जेनोवेवा, डावीकडे! कॅसियान, उभा काय राहिलास, चादर पसर!" मोठ्या चादरीत गवत भरायचं, चारी टोकं बांधायची आणि तो भारा डोक्यावर घेऊन खाली लाकडी खोपीपर्यंत न्यायचा, एवढं साधं काम. पहिला भारा मी नेला. दुसरा मी नेला म्हणण्यापेक्षा त्यानं मला नेलं. डोळ्यांसमोर गवत, पायाखाली कापलेल्या देठांचा निसरडा उतार. मी बसलो, घसरलो, भारा सुटला आणि खोपीच्या दारात येऊन थांबलो तेव्हा बाहेर फक्त माझे बूट दिसत होते. सोपी वाट म्हणे!

"गवत सांडू नकोस!" वरून फिलोमेनाचा आवाज आला. मला लागलं का, हे जेनोवेवानं विचारलं.

शेवटचा भारा आत पडला आणि पाऊस कोसळला. आम्ही चौघं खोपीत गवतावर पाय पसरून बसलो. जेनोवेवानं काळा ब्रेड आणि धुरावलेल्या मांसाचे काप काढले, व्हिन्झेंतनं जर्दाळूच्या घरच्या दारूची बाटली. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. व्हिन्झेंत गेला, खोपी एका बाजूला झुकली. पण उन्हानं तापलेल्या गवताचा तो वास, छपरावर पावसाचा आवाज आणि फिलोमेनाच्या केसांत अडकलेल्या काड्या, ह्यापेक्षा सुंदर मी काही पाहिलेलं नाही. घाम पुसत ती हसत होती. खिडकीतली ती गप्प बाई कुठे गेली कोण जाणे.

"पण फुलं राहिली गं," मी म्हणालो.

जेनोवेवाला ठसका लागला. "फुलं कसली? फिलोमेनानंच तर मला चर्चमध्ये सांगितलं होतं, गुरुवारी गवत गोळा करायला ठेवा, मला एकदा दाताळं धरायचंय. व्हिन्झेंतला हवेची भीती वाटत होती. तुम्ही येऊन पाऊस म्हणालात आणि त्याची खात्री पटली!"

मी फिलोमेनाकडे पाहिलं.

"तुला सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?" ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं आपण फुलं बघायला येत होतो ते?"

"तू फुलं बघायचास. मी गवत बघायचे. किती उंच झालंय, किती भारे निघतील."

"बाकावर? मी हात धरायचो तेव्हा?"

"वरच्या कोपऱ्यात नेहमी तण माजायचं. व्हिन्झेंत लक्षच द्यायचा नाही."

व्हिन्झेंत छपराकडे बघायला लागला. मी बाटली घेतली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, पण माणूस बुडायला लागला की आणखी हातपाय मारतो.

"आणि मी लग्नाचं विचारलं तेव्हा? ह्याच खोपीच्या दारात? तू कितीतरी वेळ काही बोललीच नाहीस. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या."

"डोळ्यात कुसळ गेलं होतं रे. आणि मी विचार करत होते."

"कसला?"

"भाऊ लष्करात गेला होता, बाबांची पाठ धरली होती आणि अर्धं कुरण कापायचं राहिलं होतं. म्हटलं, हो म्हणावं. घरात दोन हात तरी वाढतील."

तिनं माझे हात आपल्या मांडीवर घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले. तळव्यांना टपोरे फोड आले होते. तिनं त्यांवर हळूच फुंकर घातली. नंतरही हात सोडले नाहीत. मला जरा धीर आला.

"मग? वाढले की दोन हात," मी म्हणालो.

"वाढले ना," फिलोमेना म्हणाली. "त्याच आठवड्यात बाबांनी गडी ठेवला."