पाचव्यांदा भरलेला अर्ज

महिनाभरात एकही तक्रार आली नाही, म्हणून ऑफिसात साहेबांनी आत्याच्या भाच्याची पाठ थोपटली. रात्रशाळेच्या वेबसाइटवरचा नोकरीचा अर्ज त्यानेच बनवला होता. तेवढ्यात आत्याचा फोन आला. बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली आत्या आता भिंतींना पाढे ऐकवून कंटाळली होती, म्हणून तिने त्याच शाळेत अर्ज करायचं ठरवलं होतं. मुदत आज पाचपर्यंत होती.

"अर्ज राहू दे," आत्या म्हणाली. "माझं डोकं गेलंय आता."

चार वेळा तिने पाचही पानं भरली होती, आणि चारही वेळा शेवटी पहिलं पान कोरंच्या कोरं समोर आलं होतं. आपण नाव लिहिलं की लिहिल्यासारखं वाटलं, हेच तिला कळेना. डॉक्टरांची उद्याची वेळसुद्धा तिने घेऊन टाकली होती.

भाचा साडेतीनला तिच्या घरी पोहोचला. वयस्कर माणसांचं बोट कुठेतरी भलतीकडे पडतं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. आत्याने त्याच्यासमोर पाचव्यांदा अर्ज भरला. बोट कुठेही चुकलं नाही, आणि पान पुन्हा कोरं झालं.

भाच्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये डोकावून पाहिलं. भरलेली पानं ब्राउझरच्या सेशन स्टोरेजमध्ये, म्हणजे एका तात्पुरत्या खणात जायची. आत्याच्या ब्राउझरने त्या खणाला कुलूप घातलं होतं.

"हे कुणी केलं?"

"तूच. मागच्या वर्षी, सप्टेंबरच्या नऊ तारखेला, मंगळवारी. फसवणुकीची बातमी वाचून आलास आणि म्हणालास, आता हा काहीसुद्धा साठवणार नाही."

आत्या थांबली नाही. "खण बंद आहे हे तुझ्या अर्जाला कळलं नाही?"

"कळलं."

"मग बोलला का नाही?"

कारण भाच्यानेच तसं लिहून ठेवलं होतं: साठवता आलं नाही, तर चुपचाप पुढे जायचं, लोक उगाच घाबरतात. तक्रारी का आल्या नाहीत, तेही त्याला आता उमगलं: प्रत्येकाला चूक आपलीच वाटली होती.

"माझ्या वर्गात उत्तर येत नसेल तर काय करायचं?"

"हात वर करायचा," पस्तीस वर्षांचा भाचा म्हणाला.

साहेबांना फोन करून त्याने तिथेच दुरुस्ती केली. खण बंद असेल तर सगळा अर्ज एकाच पानावर उघडेल, आणि वर आत्याने सांगितलेली ओळ दिसेल: 'तुम्ही लिहिलेलं मला साठवता येत नाही. चूक तुमची नाही.' पाचला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. आत्याने लगेच डॉक्टरांची वेळ रद्द केली.

पुढच्या आठवड्यात तिला वर्ग मिळाला. भाचा ही बातमी सांगायला गेला तेव्हा साहेबांनी दार लोटून घेतलं.

"तुझा तो अर्ज मी सुरुवातीलाच तीनदा भरून पाहिला होता. माझ्याही ब्राउझरचा खण बंदच असतो म्हणे."

"मग बोलला का नाहीत, साहेब?"

साहेबांनी टेबलाच्या खणातून एक डबी काढून पुढे सरकवली. "डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्तीसाठी रोज पाच बदाम खा. महिनाभर खातोय. उरलेले तू घे."