चॅनल अठरावर आमचा संसार

मी मर्व्हिन पॅस्को. हॉर्शम गावात अडतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकदाही, पुन्हा सांगतो, एकदाही उशीर केला नाही! तेव्हा निवृत्तीनंतर गाडीला कॅरव्हॅन जोडून बायकोबरोबर देश पालथा घालायचं ठरलं, त्या वेळी वेळापत्रक कोणी करायचं हा प्रश्नच नव्हता. सात आठवडे पश्चिमेला मनसोक्त भटकलो. पण परतीचा प्रवास म्हणजे चेष्टा नाही महाराजा! तीन हजार किलोमीटर, पाच दिवस, आणि शनिवारी दुपारी एक वाजता गावच्या क्लबात लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाचा, मोसमातला पहिला सामना. कप्तान कोण? अस्मादिक! वेळापत्रक मी स्वतःच्या हाताने लिहून गाडीत समोरच चिकटवलं होतं. त्यात लघवीच्या थांब्यांनाही मिनिटं नेमून दिली होती.

माझ्या बायकोने, म्हणजे ग्लेनिसने, ते चष्मा लावून नीट वाचलं आणि विचारलं, "यात देवमासे कुठे आहेत?"

"कसले देवमासे?"

"जाताना म्हणालास ना, येताना बघू. आता येतोय आपण."

नल्लरबॉरच्या माळावरून जाताना हमरस्ता सोडून बारा किलोमीटर आत गेलं की एक उंच कडा आहे. खालच्या समुद्रात थंडीच्या दिवसांत देवमासे पिल्लं घालायला येतात. पंचेचाळीस वर्षांत, यंदाची खेप धरून, आम्ही हा रस्ता तीनदा तुडवला आणि तीनही वेळा मी 'येताना बघू' म्हणालो. एकूण पाच वेळा ते वळण आमच्या खिडकीतून मागे गेलं असेल.

"राज्याच्या सीमेवरच्या पंपावर चौकशी करतो," मी म्हणालो आणि केलीही. पंपवाला म्हणाला, "आहेत की! आज सकाळीच साठ मोजले. पण अर्धा दिवस हाताशी ठेव गड्या, पाय निघत नाही तिथून."

अर्धा दिवस! माझं वेळापत्रक डोळ्यांपुढे टराटरा फाटलं. गाडीत बसलो, पट्टा लावला आणि तोंडातून निघून गेलं, "गेले गं सगळे. यंदा लवकरच गेले म्हणे."

ग्लेनिस "बरं," एवढंच म्हणाली. तिने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली संत्र्यांची. पुढे सेडूनाच्या नाक्यावर तपासणी असते. फळमाशी पसरू नये म्हणून गाडीतली सगळी फळं काढून घेतात. आणि आम्ही नॉर्समनला पाच किलो संत्री घेऊन बसलो होतो, स्वस्त मिळाली म्हणून! सरकारला फुकट संत्रं देणारा माणूस पॅस्को घराण्यात अजून जन्मला नाही. म्हणून नाका येईपर्यंत ती खाऊन संपवायची, असा हुकूम मी काढला. ताशी चार मी, ताशी तीन ती.

दुसरी गोष्ट रेडिओची. आम्हा कॅरव्हॅनवाल्यांची रीतच आहे, कॅरव्हॅनच्या पाठीवर नवराबायकोची नावं आणि रेडिओचा चॅनल रंगवून घ्यायचा. आमच्या पाठीवर निळ्या अक्षरांत आहे, 'मर्व्ह आणि ग्लेनिस, चॅनल १८.' मागून येणाऱ्याला पुढे जायचं असलं की तो नावानं हाक मारतो. नियम सोपा. माइकचं बटण दाबायचं नि बोलायचं, सोडायचं नि ऐकायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला दुसऱ्याचं अक्षर ऐकू येत नाही आणि आसपासच्या कुणालाही मधे बोलता येत नाही. हा नियम मी ग्लेनिसला अकरा वेळा समजावला होता.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सीमेवरच्या मुक्कामाच्या तळावरून आम्ही सगळे कॅरव्हॅनवाले एकामागून एक निघालो. ग्लेनिसने संत्र्यांची जाळीची पिशवी दोन सीटांच्या मधे ठेवली. माइकही तिथेच पडलेला असतो. तुमच्या आलं असेल लक्षात. माझ्या नाही आलं!

"काय शांत आहे गं आज चॅनल!" दहा-वीस किलोमीटरवर मी खूश होऊन म्हणालो. "रोज नुसता कलकलाट असतो. लोकांना किती बोलायला लागतं!"

आणि मग मी बोलायला लागलो. रस्ता सरळ, समोर ना झाड ना घर, उजव्या हाताला जमीन एकदम संपलेली, पावाची लादी सुरीने कापावी तशी, आणि खाली समुद्र. असं काही दिसलं की माझी छाती दडपते, आणि छाती दडपली की माझं तोंड सुटतं. आधी मी गाणी म्हटली. मग मूळव्याधीसाठी घेतलेली फुगवायची उशी कशी निकामी आहे ते सविस्तर सांगितलं. मग गाडी आली नेव्हिलवर.

नेव्हिल आणि जोन हे तळावर शेजारी उतरलेलं जोडपं. कोरी कॅरव्हॅन, घरापेक्षा महाग! "तो नेव्हिल बघितलास ना काल? कॅरव्हॅन मागे घ्यायला सतरा वेळा पुढेमागे! सतरा! मी मोजत होतो. अशा माणसाला हातगाडीसुद्धा देऊ नये!"

"हळू बोल," ग्लेनिस सवयीने म्हणाली.

"इथे कोण ऐकतंय?"

पाचच मिनिटांत नेव्हिलची गाडी आमच्या शेजारून पुढे गेली. तो दगडासारखा समोर बघत होता. जोन मात्र खिडकीतून माझ्याकडे बघून जिवाच्या आकांताने खुणा करत होती. मूठ तोंडाजवळ न्यायची, मग कानाकडे बोट, मग दोन्ही हात हवेत!

"काय म्हणतेय गं ही?"

"खाल्लंत का म्हणत असेल."

किती प्रेमळ माणसं! मी तिला सोललेलं संत्रं उंच करून दाखवलं. जोनने कपाळावर हात मारला.

त्या दिवशी रस्त्यावर माणुसकीचा पूर आला होता म्हणा ना! एरवी समोरून येणारा ड्रायव्हर चाकावरून एक बोट उचलतो, आपणही एक बोट उचलायचं, झाला नमस्कार. आज लोक अख्खे हात हलवत होते. दिवे लावत होते, विझवत होते. एकाने तर टोपी काढून खिडकीबाहेर आपटली. "बघ," मी म्हणालो, "अनुभवी ड्रायव्हर लोकांना लांबूनच ओळखू येतो."

ग्लेनिस बाहेर समुद्राकडे बघत होती. मधेच म्हणाली, "मी नऊ वर्षांची होते."

"कधी?"

"आल्बनीला. बाबा देवमाशांच्या कारखान्यात होते, तुला माहीतच आहे. एकदा त्यांचा डबा द्यायला गेले. तेव्हाच एकाला साखळीने उतरणीवरून वर ओढत होते. त्याचा डोळा उघडा होता, मर्व्ह. मला वाटलं, तो माझ्याकडेच बघतोय. बाबा सुरा घेऊन उभे होते, त्यांनी मला बघितलं आणि ते पाठ करून उभे राहिले. त्यानंतर मी कितीतरी पाहिले, पण सगळे मेलेले. आमच्या घराला, कपड्यांना, उशीलासुद्धा त्यांचाच वास." ती थोडं थांबली. "एकदा जिवंत बघायचा होता. नुसता पोहताना. असो. पंपवाला म्हणतो गेले, तर गेले."

पंचेचाळीस वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपतो. डोळ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. मी कधी विचारलंच नव्हतं, कारण बोलत मी असायचो. त्याच क्षणी गाडी थांबवून 'मी खोटं बोललो' म्हणायला हवं होतं. पण खोटं कबूल करणं म्हणजे आधी खोटं बोललो हे कबूल करणं! मी आणखी एक संत्रं मागितलं.

आणि मग भुताटकी सुरू झाली.

समोरून तीन डब्यांचा अजस्र ट्रक आला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, चाक सोडून दोन्ही तळवे जोडले आणि माशाची शेपटी हलवावी तसे वरखाली हलवले. मग माझ्याकडे बोट रोखलं. याला कसं कळलं?

दहा मिनिटांनी एक लाल गाडी शेजारी आली. आतली म्हातारी एक कागदी ताटली काचेला चिकटवून होती. त्यावर काळ्या शाईत लिहिलं होतं, 'देवमासे आहेत!!'

ग्लेनिस खाली मान घालून साल काढत होती. "काय दाखवतायत?" तिने विचारलं.

"काही नाही! टायरमधली हवा बघून घ्या म्हणतायत!"

हे दुसरं खोटं. ते ऐकू गेल्यासारखं म्हातारीने ताटली उलटी केली. मागे लिहिलं होतं, 'लाज नाही वाटत?'

देवाशपथ सांगतो, मी देवळातला माणूस नाही. चर्चमध्ये मी लग्नाला जातो नि मयताला जातो. पण त्या उघड्या माळावर, त्या एवढ्या मोठ्या आभाळाखाली मला वाटलं, वर कोणीतरी वही उघडून बसलंय आणि त्याने माझं नाव सगळ्या रस्त्याला सांगितलंय. "ग्लेनिस," मी म्हणालो, "तुला असं कधी वाटतं का, की आपलं बोलणं कोणीतरी ऐकतंय?"

"तू ऐकलंस तरी पुरे," ती म्हणाली. पिशवीत शेवटची तीन संत्री उरली होती. ती काढायला तिने पिशवी उचलली.

खट्!

"सुटलं! बटण सुटलं रे!" रेडिओतून एक घोगरा आवाज गरजला. पाठोपाठ टाळ्या, शिट्ट्या, भोंगे! सगळे एकदमच बोलायला लागले, त्यामुळे कुणाचंच काही कळेना. शेवटी घोगऱ्या आवाजाने बाकीच्यांना गप्प केलं. "मी स्पिरो, मघाचा ट्रकवाला. तुमचा आत्ताचा चेहरा बघायला म्हणून ट्रक वळवला असता, पण तीन डबे आहेत मागे! मर्व्ह, लेका, दीड तास ऐकतोय तुला. उशीचं वाईट वाटलं. ग्लेनिसबाई, आहात का?"

"आहे," ग्लेनिस म्हणाली. तिने माइक उचलून बटण दाबलं. तेवढं तिला बरोबर येत होतं. "आहे मी."

"देवमासे गेलेले नाहीत. सकाळीच मी बघून आलोय. पिल्लं आहेत सोबत. हा माणूस तुम्हाला फसवतोय!"

"आणि सतरा नव्हे, अकरा वेळा!" नेव्हिलचा आवाज आला. "जोन साक्षीला आहे!"

ग्लेनिसने रुमालाने एकेक बोट पुसलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग माइक तोंडाजवळ नेऊन अगदी अदबीने म्हणाली, "सगळ्यांचे आभार. मला जरा सांगाल का, वळण अजून किती लांब आहे?"

"पुढे हमरस्त्यावर एक खानावळ लागेल, तिच्यापुढे वीस किलोमीटर," नेव्हिल म्हणाला. "आम्ही तिथे उभे आहोत. तो सरळ गेला तर कॅरव्हॅन आडवी लावतो. लागू देत अकरा वेळा!"

"ग्लेनिस," मी म्हणालो, "मी चुकलो. शनिवारसाठी बोललो गं. सामना गेला खड्ड्यात. मी नालायक आहे."

"बटण दाबलेलं आहे," ती म्हणाली.

चॅनलवर पुन्हा टाळ्या!

वळणावर चार कॅरव्हॅन आणि ती लाल गाडी पहारेकऱ्यांसारख्या उभ्या होत्या. मी मान खाली घालून वळलो. माझ्यामागे सगळी वरात. कड्यावरच्या लाकडी वाटेवरून ग्लेनिस पुढे गेली, मी चार पावलं मागे, आणि मग ती एकदम थांबली.

खाली पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाची वाळू दिसत होती. आणि त्यावर ती होती. माझ्या शाळेच्या बसपेक्षा लांब, काळीभोर, कुठेही जायची घाई नसलेली. पोटाशी पिल्लू. पिल्लू पाठीवर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं, आणि ती नुसती पडून राहून त्याला चढू देत होती. पलीकडे आणखी एक जोडी. त्यापलीकडे आणखी. मोजता मोजता माझा आकडा चुकला आणि मी पुन्हा मोजायला गेलो नाही. एवढं मोठं काही जिवंत असतं, आणि आपण त्याच्या शेजारून पाच वेळा गाडी हाकत गेलो, हे मला सहन होईना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थांबवायचं कसं ते कळेना, म्हणून मी तोंड उघडलं.

"ग्लेनिस, मला माफ कर. खरं सांगतो, मी जर तेव्हाच, म्हणजे पहिल्याच वेळी, तुला..."

"मर्व्ह," ती नजर न हलवता हळूच म्हणाली, "गप्प बस ना. तिचा श्वास ऐकू येत नाहीये."

मी गप्प बसलो. आणि खरंच आला ऐकू! खालून, शंभर हातांवरून, एक लांब, जड, दमदार उच्छ्वास. मग त्यामागून पिल्लाचा, छोटासा. ग्लेनिसने न बघताच माझा हात चाचपून धरला. तिचा हात संत्र्यांनी चिकट झालेला होता.

तसेच आम्ही उभे राहिलो. एक तास, दोन तास, पार संध्याकाळी तिथला माणूस फाटक लावायला येईपर्यंत. मी एक शब्द बोललो नाही. शेवटी खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. नेव्हिल होता. त्याचा चेहरा काळजीने उतरला होता. माझ्या कानाशी वाकून त्याने विचारलं, "गड्या, तब्येत बरी आहे ना तुझी? डॉक्टरला बोलावू का?"