गोदूचा हात कडीवर

"कुठलीही कादंबरी असो, तिचं शेवटचं वाक्य माझ्या हातात द्या. बाकीची कादंबरी मी त्यातून ओढून काढतो, विहिरीतून बादली काढावी तशी."

हे वाक्य विष्णुपंत चिटणीस उज्जैनच्या मराठी मंडळाच्या सभेत म्हणायचे, लग्नाच्या पंगतीत म्हणायचे आणि टावर चौकातल्या पोह्यांच्या गाडीवर, शेव जरा जास्त घाल असं सांगता सांगताही म्हणायचे. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात चिटणीस होते. घराण्याने पिढ्यान् पिढ्या लिहिण्याचं काम केलं, तेव्हा बँकेतून निवृत्त झाल्यावर विष्णुपंतांनी वाचण्याचं काम आपल्याकडे घेतलं. दर रविवारी सकाळी मंडळाच्या मागच्या खोलीत ते कॉलेजच्या मुलांना जुनं साहित्य शिकवायचे. फुकट. मुलं तीनच होती, पण विष्णुपंत माइकशिवाय शंभरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात शिकवायचे.

निहारिका कायदा शिकत होती, ऋचा फार्मसी आणि श्रेयस इंजिनियरिंग. तिघांचं मराठी आजीशी बोलण्यापुरतं. बाकी जगाशी हिंदी. तरी ती रविवारची झोप मोडून यायची, कारण विष्णुपंतांच्या हातात पुस्तक आलं की त्यातली माणसं खोलीत येऊन बसायची.

यंदा राज्यातल्या मराठी मंडळांनी मिळून अभिजात साहित्याच्या रसग्रहणाची स्पर्धा ठेवली आणि ती भरवायचा मान उज्जैनला मिळाला. प्रत्येक संघाने एक जुनं पुस्तक निवडायचं, त्याचा आशय, त्यातली पात्रं, प्रतीकं उलगडून दाखवायची आणि मग परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. विष्णुपंतांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी कपाटातून गोदूची कादंबरी काढली.

शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी. विष्णुपंतांनी ती कॉलेजात असताना रद्दीच्या दुकानातून उचलली होती. कोणीतरी नवा पुठ्ठा घालून घट्ट बांधलेली. नंतर तिची दुसरी प्रत त्यांना कुठे दिसली नाही. नेटवर नाव टाकलं की भलतीच, शिलाई मशीनची जाहिरात यायची. मग झेरॉक्स काढून तीन मुलांना तीन गठ्ठे दिले.

कथा साधी. गोदूचा नवरा नारायणराव एक दिवस न सांगता निघून जातो. गोदू सासरी राहते, राबते, आणि तोंडाने मोठी फटकळ. सासऱ्यांना उत्तर देते, दिराला देते, गावच्या भटजींनाही सोडत नाही. परसाच्या दाराला आतून लोखंडी कडी. ती कडी रोज तीच लावते. आणि वर्षानुवर्षांनी एका रात्री त्या दारावर थाप पडते. "कोण?" गोदू विचारते. "मी," बाहेरून आवाज येतो. गोदूने कडीवर हात ठेवला.

संपलं. पानाच्या अगदी तळाशी, पूर्णविरामासकट.

"आता सांगा," विष्णुपंत मुलांना विचारायचे, "हात कडी काढायला ठेवलाय की दाबून धरायला?"

"काढायला," श्रेयस म्हणाला. "हसबंड आलाय ना."

"दाबून धरायला," निहारिका म्हणाली. "इतने साल कुठे होता तो?"

"लेखक सांगत नाही," विष्णुपंत खुर्चीतून अर्धे उठत म्हणायचे. "तिथेच थांबतो. त्या काळात, बघा. गोदूच्या वतीने कोणी ठरवायचं नाही, लेखकानेसुद्धा नाही. पुस्तकात काय लिहिलंय ते बघायचं, आणि काय लिहिलेलं नाही तेही बघायचं. ते दुसरं जास्त."

तयारी जोरात सुरू झाली. स्टेजच्या मागे लावायला पडदा हवा म्हणून ऋचाने कापडावर ठसे उठवणाऱ्या भैरवगढच्या एका छापेवाल्याला फोन केला. काठाला सगळीकडे कडी छापून हवी, असं तिने हिंदीत नीट सांगितलं. मागे रस्त्यावर वरात चालली होती. आठवड्याने पडदा आला. सुंदर लाल रंग, रेखीव छपाई, आणि काठाला सगळीकडे वाफाळती वाटी. छापेवाल्याने 'कड़ी'ची 'कढ़ी' ऐकली होती आणि मुद्दाम नवा ठसा कोरला होता.

ऋचा रडायच्या बेतात आली. विष्णुपंतांनी पडदा दुरून पाहिला, जवळून पाहिला आणि म्हणाले, "राहू दे. ती वाटी म्हणजे गोदूची भूक. घराने तिला अन्न दिलं, मान दिला नाही."

घरी त्यांच्या बायकोने, जयूताईंनी, पडद्याचा फोटो पाहिला. "अहो, ही तर कढी आहे."

"तुला प्रतीक कळत नाही, जयू."

"कढी कळते," जयूताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शेजारच्या अनिल दिघ्यांना विष्णुपंतांनी जिन्यात गाठलं. "पहिल्या नंबराचं काही नाही, तो आमचाच आहे. दुसरा कोणाचा येतो ते बघायला या."

दिघे आले. निम्मा फ्रीगंज मोहल्ला आला. इंदूर, देवास, ग्वाल्हेरचे संघ आले. परीक्षक होते नागपूरचे डॉ. शरच्चंद्र मुळ्ये, मऊ आवाजाचे, बारीक चणीचे, प्रत्येक संघाचं पुस्तक आधी स्वतः वाचून आलेले.

उज्जैनची मुलं स्टेजवर गेली. आणि काय बोलली. ऋचाने गोदूचं पात्र उभं केलं, तिच्या तोंडची वाक्यं अशी म्हणून दाखवली की पुढच्या रांगेतल्या दोन सासवा हलून बसल्या. श्रेयसने घराचा नकाशाच काढून आणला होता, कुठलं दार कोणासाठी उघडतं ते दाखवणारा. पडद्यावरच्या वाटीचंही त्याने निभावलं. शेवटी निहारिकाने हात पुढे केला, हवेतल्या कडीवर ठेवला आणि म्हणाली, "शंभर साल झाली. तो हात अजून तिथेच आहे."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत विष्णुपंतांची छाती इतकी फुगली की जयूताईंना त्यांचं कोपर लागलं.

डॉ. मुळ्यांनी माइक ओढला. "फार छान. एकच शंका. शेवटच्या प्रकरणांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. बारशाबद्दल."

"कुठलं बारसं, सर?" निहारिकाने विचारलं.

"गोदूच्या मुलाचं."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी विष्णुपंतांकडे पाहिलं.

विष्णुपंत उभे राहिले. "माफ करा डॉक्टरसाहेब, आपली काही गल्लत होतेय. कादंबरी कडीवर संपते."

डॉ. मुळ्यांनी पिशवीतून त्यांच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची प्रत काढली. ती विष्णुपंतांच्या प्रतीपेक्षा बोटभर जाड होती, हे शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं. त्यांनी शांतपणे शेवटचं पान उघडलं आणि वाचलं, "'आणि सर्वांनी पोटभर बुंदीचे लाडू खाल्ले.'"

सभागृहात आधी कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मग हसू फुटलं ते थांबेना. देवासच्या संघातला एक जण तर खुर्चीखाली पडलेलं पेन शोधायला गेला तो वर आलाच नाही. विष्णुपंत उभेच होते. बसावं हेही त्यांना सुचेना. त्यांच्या लक्षात येत होतं, हळूहळू, दाताचं दुखणं लक्षात यावं तसं. रद्दीच्या दुकानात येण्याआधीच शेवटची पानं गेली होती, बांधणाऱ्याने उरलेल्याला पुठ्ठा घातला होता, आणि त्या पुठ्ठ्यावर आपण चाळीस वर्षं व्याख्यानं दिली होती.

डॉ. मुळ्यांना मुलांची दया आली असावी. "असं करू," ते म्हणाले, "ही प्रत घ्या. उरलेली प्रकरणं चाळा. तोवर पुढचे संघ बोलतील. चहा झाला की तुम्हाला पाच मिनिटं देतो."

मागच्या खोलीत विष्णुपंत लोखंडी खुर्चीवर बसले. समोरचा पाण्याचा ग्लास त्यांनी उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"पोरांनो, घरी जाऊ," ते म्हणाले. "मी सांगतो त्यांना, प्रकृती बरी नाही म्हणून. खोटंही नाही ते."

"काका, एक मिनट," निहारिका म्हणाली. ती पुस्तक उघडून उभी होती. "तुम्हीच म्हणता ना, काय लिहिलंय ते बघायचं आणि काय नाही तेही बघायचं. मग बघू तर द्या."

तिने काम वाटून टाकलं. श्रेयसने उभ्याने पानं उलटायची आणि दार शोधायचं. ऋचाने गोदू शोधायची. अवघड शब्द अडला की विष्णुपंतांना विचारायचं. ते खालमानेने अर्थ सांगत होते. "'दिवाणखाना' म्हणजे बैठक... 'पश्चात्तापदग्ध' म्हणजे, म्हणजे त्याला वाईट वाटलं." प्रकरणं भयंकर गोड होती. नारायणराव काशीहून आले होते, त्यांनी सर्वांची क्षमा मागितली होती, पूजा झाली होती, गाय व्यायली होती, बाळ झालं होतं. विष्णुपंतांना एकेक पान आपल्या गालावर बसल्यासारखं वाटत होतं.

मग ऋचा थांबली. तिने पानं मागे उलटली, पुन्हा पुढे. "निहारिका, ये देख." तिघांची डोकी एकत्र आली आणि कुजबुज सुरू झाली. विष्णुपंतांना कोणी काही सांगितलं नाही. तेवढ्यात बाहेरून नाव पुकारलं गेलं.

स्टेजवर निहारिका एकटीच पुढे आली. सभागृह हसायच्या तयारीत होतं.

"सर, आम्ही वाचलं," ती म्हणाली. "माझं मराठी थोडं असंच आहे, पण सांगते. आधीचं प्रकरण संपतं तेव्हा गोदूचा हात कडीवर आहे. नवीन प्रकरण सुरू होतं तेव्हा सकाळ झालीय आणि नारायणराव ओसरीवर बसून दात घासतायत. दार कोणी उघडलं ते लिहिलंच नाही. त्याआधी ती कडी पानोपानी आहे, आणि यानंतर एकदाही नाही."

कोणी हसलं नाही.

"दुसरी गोष्ट ऋचाने पकडली. पहिल्या भागात गोदू प्रत्येक पानावर बोलते. सासऱ्यांना, भटजींना, सगळ्यांना. या नवीन प्रकरणांत ती एक शब्दही बोलत नाही. बाकी सगळे बोलतात. बारशाला नाव ठेवतानापण तिला कोणी विचारत नाही. लेखकाने सर्वांना लाडू दिले, सर, गोदूला एक वाक्य नाही दिलं. म्हणून मला वाटतं, शेवट सुखाचा आहे, पण गोदूचा नाही. ती 'कोण?' म्हणाली ना, तेच तिचं शेवटचं बोलणं. त्यानंतर गोदू पुस्तकात नाहीच. फक्त नारायणरावांची बायको आहे."

ती खाली बसली. डॉ. मुळ्यांनी प्रत परत मागितली आणि सगळ्यांसमोर पानं उलटू लागले. पुढच्या रांगेतल्या सासवांपैकी एक दुसरीला म्हणाली, "बरोबर आहे पोरीचं." डॉक्टरांनी वर पाहिलं तेव्हा त्यांचा मऊ आवाज आणखी मऊ झाला होता.

"मी हे पुस्तक वर्गात शिकवलेलं आहे," ते म्हणाले. "गोदू गप्प झाल्याचं माझ्या कधी लक्षात आलं नाही."

विष्णुपंतांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि जयूताईंना सांगितलं, पंख्याची धूळ. जयूताईंनी वर पाहिलं. पंखा बंद होता.

निकाल मात्र नियमाने लागला. पहिला नंबर ग्वाल्हेरला, दुसरा देवासला. उज्जैनचा संघ, संपूर्ण पुस्तक न वाचता स्पर्धेत उतरल्यामुळे, बाद. डॉ. मुळ्यांनी हे जाहीर केलं आणि लगेच खाली उतरून मुलांपाशी येऊन बसले. गोदूबद्दल विचारत राहिले. त्यांची गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा संयोजकांना त्यांना हाताला धरून उठवावं लागलं.

पायऱ्यांवर विष्णुपंत तिघांना म्हणाले, "माझ्यामुळे बाद झालात रे."

"काका, पूर्ण वाचलं असतं तर आम्ही पण लाडवांवरच बोललो असतो ना," निहारिका म्हणाली. श्रेयसने मान हलवली. ऋचा पडद्याची घडी घालत होती, ती म्हणाली, "पुढच्या रविवारी नवीन पुस्तक काढा. पण पहले पन्ने गिन लेंगे."

विष्णुपंत हसले. त्या दिवसभरातलं त्यांचं ते पहिलंच हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टावर चौकात पोह्यांच्या गाडीवर उभे होते आणि गोदूच्या गप्प होण्याची गोष्ट तिथल्या प्रत्येकाला सांगत होते. पोहे गार झाले तरी सांगत होते. "नागपूरचा एवढा मोठा माणूस, पण त्यालाही दिसलं नव्हतं. माझ्या पोरींना दिसलं. कायदा आणि फार्मसी शिकणाऱ्या पोरींना." पोहेवाल्याला मराठी येत नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी त्यांनी सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं, हातवाऱ्यांसकट.

"तो काका, नंबर कौन सा आया?" पोहेवाल्याने विचारलं.

विष्णुपंतांनी ताठ मानेने सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकवार पाहिलं. "बाद हो गए," ते म्हणाले. "पूरी की पूरी टीम."

त्यांचा थाट पाहून पोहेवाल्याने भक्तिभावाने हात पुसले आणि त्यांच्या पोह्यांवर एक जिलबी ठेवली. "बधाई हो, काका."

"धन्यवाद," विष्णुपंत म्हणाले, आणि त्यांनी जिलबी खाल्ली.