वाघोलीची निळी पुडी

झुलालसर देवपूरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत. एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर ते पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणीत गेले आणि कॅव्हनसाइट या दुर्मीळ खनिजाचे हरभऱ्याएवढे पाच-सहा निळे खडे घेऊन आले. सोमवारी ते कॉलेजच्या काचेच्या कपाटात ठेवायचे होते. ते कपाट मंजूर व्हायलाच चार वर्षं लागली होती. सरांनी खडे जुन्या टूथब्रशने धुतले, कागदावर पसरून मोरीच्या कट्ट्यावर वाळत ठेवले आणि दाढी करायला गेले.

त्यांच्या पत्नीला, कुंदाबाईंना, ती नीळ वाटली. फडक्यात बांधून त्यांनी ती बादलीत चोळली. पाणी निळं होईना. बत्त्याने ठेचली, तरी होईना. मग उरलेला चुरा पुडीत बांधून त्या कोपऱ्यावरच्या चिंधाशेठच्या दुकानात गेल्या आणि असला माल विकल्याबद्दल त्याला चार शब्द सुनावले. शेठ भिडस्त. त्याने पुडी ठेवून घेतली आणि नवी नीळ दिली.

हे कळताच सर अर्ध्या दाढीनिशी दुकानात धावले. मागोमाग कुंदाबाई. सर काकुळतीने सांगू लागले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. त्या पोकळ्यांत युगानुयुगं गरम पाणी झिरपतं, तेव्हा कुठे असं एखादं खनिज फुलतं. निळा रंग व्हॅनेडियमचा. जगात हे दोन-चार जागीच सापडतं. वर्गात सरांचे मागचे तीन बाक झोपलेले असत; इथे तेलाला आलेल्या बायका बरण्या हातात धरून ऐकत राहिल्या.

चिंधाशेठनेही मन लावून ऐकलं आणि पुडी गल्ल्यात ठेवली.

"सर, बाईनी माल बदली लिधा," तो म्हणाला. "आते हाई मनं शे."

हिशोबाने पुडी आता शेठची झाली होती. कुंदाबाई घरी गेल्या आणि नवी नीळ कालवलेली पाण्याची बादली आणून त्यांनी गल्ल्यासमोर टेकवली.

"हाई ल्या तुमनी नीळ."

दुकान हसलं. शेठही हसला. त्याने पुडी परत दिली आणि बादलीही न्यायला सांगितली.

वाटेत सरांनी पुडी उघडली. एक खडा शाबूत होता, बाकी भुगा. पुडी खिशात घालून त्यांनी कुंदाबाईंच्या हातातली बादली घेतली.

"त्या शेठला किती समजावून सांगितलंत," कुंदाबाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत मला नाही सांगितलं कधी."

सरांनी हातातली बादली रस्त्याकडेला ठेवली आणि लाव्हापासून सुरुवात केली.