चावीकाकांची पत

माणूस किती विश्वासू आहे, हे ओळखण्याचा खात्रीशीर मार्ग आता सापडला असून, त्यासाठी माणसाकडे बघावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय आहे. पूर्वी लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांत चौकशी करत आणि तरीही फसत. आता तीन आकडी संख्या मिळते. तिला क्रेडिट स्कोअर म्हणतात, आणि तिच्याशी वाद घालता येत नाही (प्रयत्न करणाऱ्यांना फोनवर आधी एक, मग चार, मग पुन्हा एक दाबायला सांगतात).

चावीकाकांना ही संख्याच नव्हती. बाजाराच्या टोकाला, आठ बाय सहाच्या गाळ्यात, सव्वीस वर्षं ते चाव्या बनवत होते. या काळात त्यांनी अंदाजे एकोणीस हजार दारं उघडली आणि त्यांतल्या एकाही घरातला चमचा हलला नाही. (ही माहिती स्कोअरमध्ये धरत नाहीत. तिला रकाना नाही.)

एके दिवशी गाळ्याचा मालक म्हणाला, "गाळा विकतोय. वर्षभरात तुम्ही घ्या, नाहीतर मोबाइलची कव्हरं विकणारा तयारच आहे." बावन्नाव्या वर्षी नवीन जागा शोधून पुन्हा ओळख करायची म्हणजे काही खायचं काम नव्हे. अर्धे पैसे साठलेले होते, उरलेल्या अर्ध्यांसाठी ते बँकेत गेले.

कर्जविभागातल्या मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचा स्कोअरच दिसत नाही. तुम्ही आजवर कर्ज घेतलेलंच नाही."

काकांना वाटलं, कौतुक चाललंय. ते लाजून म्हणाले, "नाही हो, कुणाचा पैसा अंगावर ठेवलाच नाही कधी."

मॅडमनी हळहळत अर्जावर लिहिलं, 'विश्वासार्हतेचा पुरावा नाही.'

उपाय मात्र होता. काकांनी स्वतःचे तीस हजार बँकेत ठेवायचे, बँक त्या पैशांना कुलूप घालणार, आणि मग एका कार्डावर काकांना काकांचेच पैसे उसने देणार, उशीर झाल्यास व्याजासकट. सबंध आयुष्य कुलपांत काढूनही ही रचना आपल्याला कशी सुचली नाही, याचं काकांना वैषम्य वाटलं.

आता काकांच्या घरची रीत अशी, की दुसऱ्याचा पैसा खिशात असताना पानावर बसायचं नाही. त्यामुळे सकाळी कार्डावर पितळेच्या पट्ट्या घेतल्या, की चारच्या आत काका बँकेत जाऊन तेवढे पैसे भरून यायचे. रोज. खिडकीतला रोखपाल त्यांना लांबूनच हात करायचा. तीन महिन्यांनी अहवाल आला, 'ग्राहक कार्ड वापरत नाही.' कारण बिल तयार व्हायच्या दिवशी बाकी नेहमी शून्य. घाबरून काकांनी आणखी चार बँकांत अर्ज टाकले. हा माणूस सगळीकडे पैसे मागत हिंडतोय, अशी नोंद झाली, आणि नुकताच कुठे जन्माला आलेला स्कोअर घसरला. (कर्ज देण्यासाठी आदर्श माणूस तो, ज्याला त्याची गरज नाही.)

"दादाला विचारा ना," बायको म्हणाली.

दादा म्हणजे काकांचा मेहुणा. पाच कार्डं, स्कोअर आठशे बारा. त्याची देणी पुढीलप्रमाणे होती : किराणावाला, जो त्याला कोपऱ्यावर बघूनच शटर ओढायचा, न्हावी, जो अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून पैसे मागायचा, आणि खुद्द चावीकाका, सात वर्षांपूर्वीचे चाळीस हजार. पण यांपैकी कुणीही बँक नसल्यामुळे ही देणी शास्त्राला दिसत नाहीत.

"भावोजी, तुमचं काय चुकतं सांगू? तुम्ही लगेच देता!" मेहुणा चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "बिल होऊ द्यायचं. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायचं नाही. त्यांनी मर्यादा वाढवून दिली, की घ्यायची, पण वापरायची नाही. आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी भरायचं."

"तोवर जेवायचं कसं?"

"मी जेवतोच की!"

काकांनी मन घट्ट करून तसं केलं. महिन्यातले वीस-वीस दिवस त्यांना अन्न गोड लागेना. वजन सहा किलोंनी उतरलं आणि स्कोअर सहाशे एक्काहत्तरवर चढला. हवे होते सातशे, आणि मालकाच्या मुदतीचे उरले होते आठ दिवस.

तेवढ्यात बँकेचा शिपाई धावत गाळ्यावर आला. मॅनेजरसाहेबांच्या कपाटाची चावी आतच तुटली होती. काकांनी चार मिनिटांत कपाट उघडलं. त्यांना त्या उघड्या कपाटापाशी एकटं सोडून साहेब निश्चिंत मनाने चहाला गेले. कप्प्यात सगळ्यात वर काकांचाच अर्ज होता, नामंजूर. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी कागदाला हात लावला नाही, नवी चावी टेबलावर ठेवली आणि साहेब येईपर्यंत दारात उभे राहिले.

साहेबांना अगदी भरून आलं. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो," ते म्हणाले, "जामीनदार आणा. आठशेच्या वरचा."

काकांनी गावभर विचारलं. निवृत्त मुख्याध्यापक : संख्या नाही. डॉक्टरीणबाई : सहाशे चाळीस (रुग्णांच्या गडबडीत दोनदा तारीख चुकली). आठशेच्या वर एकच माणूस निघाला.

मेहुणा सातव्या दिवशी आला. मॅडमनी त्याला उठून खुर्ची दिली. त्याने काकांच्या पेनने सही केली, पेन खिशाला लावलं आणि तसदीबद्दल काकांकडून दहा हजार हातउसने घेतले. कर्ज मंजूर झालं. गाळा वाचला. काकांनी मेहुण्याचे दोन्ही हात हातात घेतले, आणि ते मनापासून घेतले.

असा एक मेहुणा प्रत्येक कुटुंबात असतो. आपल्याकडचा कोण, हे वाचकांना चटकन आठवत नसेल, तर त्यांनी स्वतःचा स्कोअर काढून पाहावा. तो आठशेच्या वर निघाला, तर शोध थांबवावा, आणि उसने देणाऱ्या ज्या नातेवाइकाचा नंबर बघून ते फोन उलटा ठेवतात, त्याचा फोन आज तरी उचलावा.