प्रारंभ नाकारण्यात येत आहे

नीळकंठराव बोधनकरांनी नातीला फोनवर शब्द दिला तो अव्वल कारकुनाला शोभेल अशाच भाषेत. "तू ये. गेमची व्यवस्था करण्यात आलेली आहे."

व्यवस्था झालेली नव्हती. पण तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला एवढ्याशा तफावतीची टोचणी लागत नाही.

नात आभा पुण्याची, दहा वर्षांची. उन्हाळ्यात ती घाटंजीला आली आणि तिसऱ्याच दिवशी, "आजोबा, तुमच्याकडे काहीच चालत नाही," असा निकाल देऊन नागपूरच्या आजोळी निघून गेली. तिथे नवाकोरा कॉम्प्युटर होता. जाताना मोटारशर्यतीच्या गेमची सीडी मात्र ती इथेच विसरली. आता दिवाळीसाठी तिची अट सरळ होती: गेम चालला तर पंधरा दिवस घाटंजी, नाही तर पंधरा दिवस नागपूर.

सुमेधाबाईंनी अनारशांचे तांदूळ भिजत घातले आणि नवऱ्याला बजावलं, "तुपात सोडलेला अनारसा हसतो अन् विरून जातो ना, तसा तुमचा शब्द हसू नये म्हणजे झालं."

घरी कॉम्प्युटर होता. निवृत्तीच्या वर्षी कचेरीच्या लिलावातून आणलेला, अंगाने भारदस्त, रंगाने जुन्या दातांसारखा. लिलावाची यादी खुद्द नीळकंठरावांनीच केली होती आणि त्याच्यापुढे शेरा लिहिला होता: 'निरुपयोगी. दुरुस्तीयोग्य नाही.' त्याची त्यांना काळजी नव्हती. याच शेऱ्यानिशी लिलावात गेलेला पंखा नाक्यावरच्या हॉटेलात आजही गरगरत होता. शेरा आणि सत्य ही त्यांच्या लेखी दूरची नातलग मंडळी. कधीमधी लग्नकार्यात भेटली तर भेटली.

भारनियमन संपून वीज आली तशी त्यांनी सीडी आत सरकवली. यंत्राने दीर्घ उसासा टाकला. पडदा काळ्या रेगडी मातीसारखा गंभीर झाला आणि त्यात इंग्रजीची एक पांढरी चौकट उगवली.

दुसरा कोणी खचला असता. नीळकंठरावांना त्या चौकटीत गाववाला भेटल्यासारखं झालं. त्यांनी फुलस्केप काढला, मजकूर उतरवला आणि खाली मराठी केलं: 'आपल्या यंत्रातील चित्रविषयक प्रणाली जुनी असल्याचे आढळून आले. सबब प्रारंभ नाकारण्यात येत आहे.' मग कागद पुठ्ठ्याच्या फायलीत लावला, लाल फीत बांधली. त्रुटी निघाली की पूर्तता करायची. यात घाबरण्यासारखं काय?

पूर्ततेसाठी बाजाराच्या रस्त्यावर बबिताचा क्लास होता. तांड्यावरच्या अमरसिंग राठोडांची ही मुलगी पोरांना कॉम्प्युटर शिकवायची आणि तालुक्यातली सगळी आजारी यंत्रं तिच्याच दारात येऊन पडायची. नीळकंठरावांनी कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून स्कूटरवर घेतला, तेव्हा बाबुलाल पानवाल्याने गठड्याकडे पाहून घरात कोण आजारी आहे म्हणून विचारलं.

"लई जुना हाय, काका," बबिता म्हणाली. पण तिने तो जुना प्रोग्राम काढून नवा घालून दिला.

घरी येऊन पाहतात तर दुसरी चौकट. 'आपली स्मरणशक्ती अपुरी आहे.' हे वाचून सुमेधाबाईंनी यंत्राला माणसांची पारख आहे असं मत नोंदवलं.

इतक्या जुन्या यंत्राला चालेल अशी मेमरी यवतमाळातही मिळेना. शेवटी बबितानेच वाट दाखवली. त्या साली कापसाला भाव नव्हता, गावाबाहेरची जिनिंग बंद पडली होती आणि तिच्या काटाघरात एक कॉम्प्युटर वजनांच्या आठवणी काढत मुका बसला होता. घनश्याम चौकीदाराने त्याच्यातली मेमरीची पट्टी आणि पंखा उपसून दिला. नीळकंठरावांनी दोन्ही स्वतःच्या हाताने बसवलं. पंख्याच्या पात्यांत मात्र तीन हंगामांची रुई दडली होती. बाजारात तिला कोणी विचारत नव्हतं. इथे मात्र तिने तत्परतेने पेट घेतला.

धूर पाहताच सुमेधाबाईंनी अनारशांच्या तांदळाचं पाणी, तांदळांसकट, यंत्रावर ओतलं.

दोन दिवस यंत्राची आतडी गच्चीवर उन्हात वाळत होती आणि शेजारी उरलेले तांदूळ. कशावर कावळे जास्त बसतात हे नीळकंठराव काठी घेऊन पाहत होते. रोज संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा. "लागला का गेम?" आणि रोज ते म्हणायचे, "प्रकरण अंतिम टप्प्यात आहे."

वाळलेलं यंत्र आश्चर्यकारकरीत्या सुरू झालं आणि तिसरी चौकट दाखवून थांबलं. आता त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. पुन्हा चादर, पुन्हा स्कूटर. बाबुलालने या वेळी नुसतेच हात जोडले.

बबिताने झाकण उघडून आत पाहिलं. "कार्ड भेटन, काका. पण ते बसवाले याच्यात खाचच नाही."

नीळकंठरावांचा तेहेतीस वर्षांचा संयम तिथे तुटला. "एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं! काय काय पाहिजे ते एकदाच सगळं काहून नाही सांगत हा?"

बबिता ब्रशने तांदळाचा एक दाणा काढत होती. तिने मान वर केली नाही.

"काका, मले एक दाखला पाह्यजे होता, आठवते? बा आन् मी तांड्यावरून दर बाजाराले यायचो. पयले तुमी म्हणे अर्जाले तिकीट नाही. मंग म्हणे सही डावीकडं पाह्यजे. मंग म्हणे शाई निळी काहून. सात खेपा झाल्या. म्याबी तुमाले हेच इचारलं होतं."

"मग मी काय म्हटलं?"

"तुमी म्हणे, पोरी, अगोदर एवढं पूर्ण कर, मंग पुढचं पाहू."

तिच्या आवाजात राग नव्हता. नीळकंठरावांनी डबा परत चादरीत गुंडाळला.

आभा दुसऱ्या दिवशी यायची होती. नीळकंठरावांपाशी आता कारकुनाचा शेवटचा उपाय उरला: मागची तारीख. गेम यंदाचा, त्याच्या अटीही यंदाच्या. मग यंत्राची तारीखच दहा वर्षं मागे नेली तर अटी लागू होतातच कशा? त्यांनी तारीख बदलली, देवाला हात जोडले आणि चौथी चौकट वाचली. तिचं मराठी त्यांनी केलं: 'सदर खेळ अद्याप निर्माण झालेला नाही.'

आभा आली, पाठीवरची बॅगही न उतरवता कॉम्प्युटरपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "नाही ना चालत?" नागपूरची बस दुपारी होती. आजोबा तिच्या सुटकेसपाशी बसले.

आतून खिदळणं ऐकू आलं. पोरीच्या हाती ती लाल फितीची फाइल लागली होती. 'सबब' म्हणजे काय, 'पूर्तता' म्हणजे काय, तिने एकेक शब्द विचारून घेतला. मग कॉम्प्युटरचा डबा ओढत ओसरीच्या खिडकीशी नेला, टेबल म्हणून आडवा केला आणि त्याच्या पोटाला चिकटलेली चिठ्ठी वाचली. "निरुपयोगी. दुरुस्तीयोग्य नाही. आजोबा, हे तुमचंच अक्षर ना?"

हजारो शेऱ्यांतला एवढा एकच खरा निघाला होता.

दुपारची बस गेली. नागपूरच्या आजीचा फोन आला तेव्हा आभाने कामात असल्याचं कळवलं. त्या दिवसापासून ओसरीवर तिची कचेरी भरू लागली आणि घरात कोणाला काही हवं असेल तर खिडकीवर अर्ज द्यावा लागे. दिवाळीच्या फराळाला आलेल्या बबिताचा चिवड्याचा अर्ज पहिल्याच खेपेला मंजूर झाला. सुमेधाबाईंनी तर अर्ज न करताच टीव्ही लावला.

नीळकंठरावांचा दुपारच्या दुसऱ्या चहाचा अर्ज पाचव्यांदा परत आला. या वेळी समास उजवीकडे सोडला होता.

"अगं माझे आई, काय काय चुकलं ते एकदाच सगळं सांग ना," ते काकुळतीला आले.

खिडकीतून त्यांच्याच चष्म्याच्या जुन्या फ्रेममधून दोन डोळे शांतपणे त्यांच्याकडे पाहत होते.

"अगोदर एवढं पूर्ण करा. मग पुढचं पाहू."

चुलीवरचा चहा उतू जाऊन निवला. नीळकंठरावांनी नवा कागद घेतला आणि तेहेतीस वर्षं खिडकीच्या आत बसलेल्या त्या माणसाने, बाहेरच्या बाजूला उभं राहून, समास डावीकडे सोडला.