फीत कापायची राहिली

सहकारानं माणसाचं आयुष्य वाढतं. अर्धापूरजवळच्या हळद उत्पादक संस्थेचे अध्यक्ष शेषेराव यांचं हे ठाम मत भल्यामोठ्या फ्लेक्सवर, त्यांच्याच फोटोखाली छापलेलं होतं. फोटोनं एवढी जागा घेतली होती की आयुष्याला जेमतेम कोपरा उरला.

संस्थेची हळद रास्त भावानं परदेशी जायची आणि वर गावाच्या भल्यासाठी वेगळी रक्कम यायची. तिचं काय करायचं ते सभासदांनी ठरवायचं. शेषेरावांना वेशीवर कमान हवी होती. सचिव पंचशीलानं रुग्णवाहिका मागितली, कारण तिच्या सासऱ्यांचं, दगडोबांचं, काळीज अधूनमधून दगा देत होतं. हळदीच्या कढईपुढं उभा जन्म काढलेले दगडोबा सभेत दोन्ही हात वर करून बसले. रुग्णवाहिका एका मतानं जिंकली. दुसरा हात मोजला की नाही, यावर अजून वाद आहे!

गाडी आली आणि तीन महिने नुसती उभी राहिली.

"फीत कापल्याबिगर चाक हलायचं न्हाई," शेषेराव म्हणाले. "रक्कम देणारे पाहुणे तपासणीला येऊन राहिलेत. गाडी कोरी दिसाय पायजे."

त्यांनी गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नाही.

पाहुण्यांच्या दिवशी मांडववाल्याला खांब कमी पडला. त्यानं मांडवाची दोरी सरळ रुग्णवाहिकेला बांधली आणि तो जेवायला गेला. दोन तास उन्हात स्वागताला उभे राहिलेले दगडोबा टोपीसकट कोसळले.

"मामा!" पंचशीला धावली आणि ड्रायव्हरला ओरडली, "वैजनाथदादा, गाडी काढा!"

चौघांनी स्ट्रेचर ओढलं. तपासणीच्या बाईंना वाटलं, प्रात्यक्षिक चाललंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या म्हणून गावानंही वाजवल्या!

"बघा, आमची तयारी कशी हाय!" शेषेराव माईकवर गरजले.

"साहेब, खरंच पडलेत ते!" पंचशीला म्हणाली.

शेषेरावांनी माईकवर हात ठेवला. "खरंच? पण अजून फीत..."

"फीत घाला चुलीत!"

वैजनाथनं गाडी सुरू केली, तसा अख्खा मांडव वाकला.

"आरं थांब! दोरी ओढा न्हाईतर सोडा, मांडव पडंल! दोनशे माणसं हाईत खाली!" शेषेराव ओरडले.

पंचशीलानं माईक हिसकावला. "उठा! बाहेर व्हा सगळे!" गावाला हेही प्रात्यक्षिकच वाटलं. कुणी उठलं नाही. पुन्हा टाळ्या!

शेवटी रस्त्यावरचा केळीचा टेम्पो थांबवला. आधी केळी उतरवावी लागली, तीही जपून, एकेक घड. डाग पडला की व्यापारी घेत नाही.

टेम्पोत पंचशीलानं सासऱ्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "मामा, बोला की काहीतरी."

"आपली गाडी..." दगडोबा पुटपुटले, "उन्हात उभी हाय गं."

नांदेड यायच्या आधीच ते गेले.

संध्याकाळपर्यंत फीत कापून झाली, मांडवही सुटला. मग रुग्णवाहिका नांदेडला गेली आणि दगडोबांना घेऊन आली. गादीवरचं प्लास्टिक तसंच होतं. वळणावर ते घसरत होते, म्हणून पंचशीला त्यांना गावापर्यंत धरून बसली.

त्या रकमेच्या अहवालाचा फॉर्म सचिवानं भरायचा असतो. तिनं तो चौथ्या दिवशी भरला.

रुग्णवाहिकेच्या फेऱ्या: एक. लाभार्थी: एक.